तुम्ही विचारलंत म्हणून: सर पीएचडी असले की पोरगं शिकतं का?

बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न हमखास येतो. तालुक्याच्या कॉलेजात नाव टाकावं की अमरावती-नागपूरला खोली करून द्यावी? तिथं पीएचडीवाले किती आहेत? पालक डिग्र्या मोजतात, कारण माहितीपत्रकात तेवढंच छापलेलं असतं.

डिग्री नेमणुकीला लागते. १ जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापक व्हायला नेट, सेट किंवा स्लेट (देश वा राज्य पातळीवरची पात्रता परीक्षा) ही किमान अट आहे, पीएचडी ऐच्छिक. नेटच्या पहिल्या पेपरात शिकवण्यावर प्रश्न असतात खरे, पण तेही पर्याय निवडायचे. खडू हातात घ्यायची वेळ तिथं येत नाही.

मग फरक पडतो कुठं? बीएस्सी पहिल्या वर्षाचं टायट्रेशन घ्या, म्हणजे एक द्रावण थेंबथेंब सोडून दुसऱ्याशी जुळवायचा प्रयोग. ब्युरेटमध्ये, म्हणजे तोटीच्या उभ्या मोजनळीत, सोडियम हायड्रॉक्साइड, फ्लास्कमध्ये पिपेटनं मोजलेलं १० मिली ऑक्झॅलिक आम्ल, वर दोन थेंब फिनॉल्फ्थॅलीन; आम्ल संपलं की रंग गुलाबी होतो आणि तोवर ब्युरेटमधून किती मिली गेलं ते रीडिंग. पोट्ट्यांनी हे बारावीतही केलेलं असतं, निदान वहीत तरी. चुका ठरलेल्या आहेत. ब्युरेट पाण्यानं धुऊन त्यात तसंच द्रावण भरलं, की ते पातळ होतं आणि रीडिंग जास्त येतं. तोटीत हवेचा बुडबुडा राहिला अन् मधेच निघाला, तरी जास्त. फ्लास्क डिस्टिल्ड वॉटरऐवजी आम्लानंच विसळला, तरी जास्त. पिपेटच्या टोकातला शेवटचा थेंब फुंकून पाडला, तरी जास्तच. फिक्कट गुलाबीवर न थांबता गडद होऊ दिलं, तर विचारूच नका. चुका पाच आणि वहीत सगळ्यांचा परिणाम एकच! म्हणून वही तपासून चूक कळत नाही. पोरगं ब्युरेट भरत असताना टेबलाशी उभं राहावं लागतं.

सर खुर्चीतच बसले, तर १०.२, १०.२, १०.२ हे आकडे अख्ख्या बॅचच्या वह्यांत उतरतात आणि खाली लाल शाईची सही होते. शिकवायची हौस असलेल्या मॅडम आदल्या दिवशी लॅब असिस्टंटकडून वेगवेगळ्या तीव्रतेच्या चार बाटल्या करून घेतात आणि प्रत्येक टेबलाला वेगळी देतात. शेजाऱ्याचं रीडिंग उतरवून उपयोगच नाही. जास्तीचा खर्च जवळपास काही नाही, त्यांना चार उत्तरं तपासावी लागतात एवढंच.

डिग्री आणि अनुभव अगदीच बिनकामाचे, असंही मी म्हणणार नाही. अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीत कोणता विद्यार्थी कोणत्या प्राध्यापकाकडे जाणार हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं आणि पेपर सगळ्यांना एकच असतो. तिथल्या निकालांवर कॅरेल आणि वेस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. गणितातल्या सुरुवातीच्या कॅल्क्युलसमध्ये कमी अनुभवी शिक्षकांची मुलं पुढे होती. त्यावरच बेतलेल्या पुढच्या विषयांत मात्र अनुभवी, जास्त शिकलेल्या शिक्षकांची मुलं सरस ठरली. गंमत म्हणजे, मुलांनी चांगले शेरे दिले होते ते चालू परीक्षेत गुण मिळवून देणाऱ्यांना.

आपल्याकडं हे ओळखीचं वाटेल. ‘आयएमपी’ सांगणारे, नोट्स लिहून देणारे, अंतर्गत गुण सढळ हातानं वाटणारे सर लाडके असतात. त्यामुळे सर कसे आहेत हे पहिल्या वर्षाच्या पोरांना विचारू नका. तिसऱ्या वर्षाच्या पोरीला विचारा, पहिल्या वर्षाचं काय अजून कामी येतं?

भाषेचंही तेच. मराठी माध्यमातून आलेल्या पोरांसमोर बीएस्सीची पुस्तकं आणि पेपर इंग्रजीत येतात. सगळं मराठीत समजावलं तर तास रंगतो आणि पेपरात हात थांबतो. सगळं इंग्रजीत सांगितलं तर पोरं नुसती माना डोलावतात. जमतं ते असं: संकल्पना मराठीत, संज्ञा फळ्यावर इंग्रजीत, आणि शेवटच्या दहा मिनिटांत प्रत्येकाकडून इंग्रजीत तीन वाक्यं. ती तपासून दुसऱ्या दिवशी परत द्यायची. ही परत देण्याची पायरीच बहुतेक ठिकाणी गळते.

ती का गळते, तर माणूसच टिकत नाही म्हणून. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवणं आहे. पण जागा रिकाम्या, म्हणून तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीवाले, नेमतात. अनेकदा ते येईपर्यंत सत्राचे पहिले आठवडे गेलेले असतात. त्यांना पैसे तासाचे. वह्या तपासायच्या वेळेचे नाहीत. पुढच्या वर्षी तेच येतील याचा भरवसा नाही. त्यांच्यात उत्तम शिकवणारे आहेत, पण आज पाहिलेली चूक पुढच्या सत्रात पुन्हा पाहायला ते असतीलच असं नाही. त्यात सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी नेमकी हिवाळी परीक्षेच्या तोंडावर येते, वर्ग निम्मा होतो. जाणते शिक्षक अवघड भाग दिवाळीच्या आधी उरकतात.

तेव्हा प्रवेशाआधी दुसऱ्या वर्षाच्या दोन मुलांच्या प्रॅक्टिकल वह्या शेजारी ठेवून बघा. रीडिंग सारखीच आहेत का? सहीशिवाय एखादी दुरुस्ती आहे का? मग विचारा: आपल्या विषयाला पूर्णवेळ किती, सीएचबी किती, गेल्या वर्षीचेच आहेत का? शेवटी बॅचची वेळ. गावची शेवटची एसटी चारला आणि प्रॅक्टिकल तीन ते पाच असेल, तर मॅडम कितीही चांगल्या असोत, पोरगं अर्ध्यातून उठणार. बॅच बदलून मिळते का, ते फी भरतानाच पक्कं करा; याद्या लागल्यावर बदल करून घेणं अवघड जातं.