सापडलेले सोने आणि काढून दिलेले सोने

सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव आणि कवठेमहांकाळ या तालुक्यांत असे गाव सहसा सापडणार नाही, ज्यातील एखादा तरी कर्ता मुलगा परराज्यात गलाईच्या दुकानात नाही. पावसाच्या भरवशावरील शेतीत भागेना, म्हणून आमच्याकडील माणसे फार पूर्वी घराबाहेर पडली आणि जुने सोने-चांदी वितळवून, त्यातील हीण काढून ते चोख करून देण्याच्या धंद्यात देशभर पसरली. आता टेंभू आणि ताकारी योजनांचे पाणी आले, माळावर ऊस आणि द्राक्षबागा दिसू लागल्या, तरी घरटी एक माणूस बाहेर ठेवण्याची रीत काही मोडलेली नाही. माझे दाजी त्यांपैकीच एक. केरळातील त्रिशूर येथे, जिथे सोन्याचे दागिने घडवण्याचा व्यवसाय मोठा आहे, तिथल्या एका अरुंद गल्लीत त्यांचे दुकान होते. मी विट्याला रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळवली होती, शिक्षकाच्या नोकरीचे काही जमत नव्हते आणि दाजींना विश्वासाचा माणूस हवा होता. त्यामुळे मिरजेहून रेल्वेने मी तिकडे गेलो, तो जोवर नोकरी लागत नाही तोवर म्हणून.

धंदा समजायला मला वेळ लागला नाही. सोनाराने आणलेली मोड, म्हणजे जुने, मोडके दागिने, मुशीत घालायची, टाकणखार टाकून भट्टीत वितळवायची, तिच्यात सुमारे तिप्पट चांदी मिसळायची आणि तो रस पाण्यात ओतून त्याचे कण पाडायचे. ते कण तेजाबात, म्हणजे नायट्रिक आम्लात उकळले, की चांदी आणि तांबे विरघळून जाते, तपकिरी धूर घशाला झोंबतो आणि भांड्याच्या तळाशी विटकरी रंगाची ओलसर भुकटी उरते. ती सोने आहे यावर नवख्या माणसाचा विश्वास बसत नाही. ती धुऊन, वाळवून पुन्हा मुशीत घातली म्हणजे पिवळी लगड निघते. उरलेल्या द्रावणात तांब्याच्या पट्ट्या सोडून चांदी परत पाडून घेतात. महाविद्यालयात परीक्षानळीत पाहिलेल्या याच अभिक्रिया आमच्या गावची, दहावीही न झालेली माणसे नुसत्या धुराच्या रंगावरून अचूक सांभाळत होती, हे पाहून माझ्या पदवीचा तोरा लवकरच उतरला.

वेळ लागला तो बाकीच्या गोष्टींना. तिथे सोने तोळ्यावर नव्हे, तर आठ ग्रॅमच्या पवनावर मोजतात, त्यामुळे भाव ऐकला की मनातल्या मनात हिशेब करावा लागे. तेजाबाचे कॅन टेम्पोतून उतरवायचे ते त्या भागातील नोंदणीकृत हमालांनीच, हा तिथला शिरस्ता आमच्या लोकांना सर्वांत जास्त खुपत असे. आपला माल आपण उतरवला तर यांचे काय जाते, असा त्यांचा सूर असे. यात गंमत अशी की, केरळचा हमालांविषयीचा कायदा १९७८ सालचा आहे आणि आपल्या महाराष्ट्राचा माथाडी कायदा त्याच्याही नऊ वर्षे आधीचा, १९६९ सालचा. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्याला हमाल लागतो, हे ज्यांना लहानपणापासून ठाऊक, तीच माणसे त्रिशूरला येऊन हमालाच्या नावाने बोटे मोडत. दाजी मात्र ठरलेली हमाली घासाघीस न करता देत, पावती मागून घेत आणि मुकादमाला चहा पाजल्याशिवाय जाऊ देत नसत.

तिसरी गोष्ट हरताळाची. सक्तीचा ‘बंद’ केरळ उच्च न्यायालयाने १९९७ साली घटनाबाह्य ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. त्यानंतर बंदची जागा हरताळाने घेतली. दुकानदाराच्या दृष्टीने फरक फारसा पडला नाही. सकाळी सहापासून संध्याकाळी सहापर्यंत सारे शहर मिटलेले असे आणि गल्लीतील आमची सगळी सांगलीकर मंडळी खोलीवर पत्ते कुटत बसत.

दाजींच्या वहीचे महत्त्व पुढच्या प्रसंगात कळेल, पण तिचे वर्णन आधीच करायला हवे. छापील पृष्ठांक असलेली जाड वही, तिच्यात तारीख, सोनाराच्या दुकानाचे नाव, आलेल्या मालाचे वर्णन, वजन, वितळल्यानंतरचे वजन, टंच (म्हणजे सोन्याचा कस) आणि सही. दाजींचा स्वतःचा हिशेब मराठीत वेगळा होता. या वहीतील ओळ मात्र माल आणणाऱ्या सोनारानेच, त्याच्याच हाताने, मल्याळममध्ये लिहायची, असा त्यांचा दंडक होता. दाजींना स्वतःला मल्याळम बोलता येई, वाचायला आकड्यांपुरतेच जमे. ज्या दिवशी दुकान बंद, त्या दिवसाच्या जागेवर तिरपी रेघ मारून शेजारच्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांकडून बंद राहण्याचे कारण लिहून घेत. मला सुरुवातीला हा सगळा उपद्व्याप वाटे. आपली वही आपल्याला वाचता येत नाही, हा काय प्रकार, असे मी एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले, “पावणं, आपल्याला वाचायची वेळ येतच नाही. वेळ येते ती त्यांच्यावर.”

ती वेळ आली २००८ च्या उन्हाळ्यात. गावची यात्रा असल्याने दाजी आणि अक्का गावी गेले होते आणि दुकानात मी आणि भट्टीवरचा एक मुलगा असे दोघेच होतो. शहरात पूरम या मंदिरोत्सवाची तयारी चालली होती, वडक्कुन्नाथन मंदिराभोवतालच्या स्वराज राउंडवर मंडप उभे राहत होते आणि सोनारांची गर्दी नेहमीपेक्षा अधिक होती. दुपारच्या आधी एक जीप गल्लीच्या तोंडाशी थांबली. दुसऱ्या जिल्ह्यातील एका ठाण्याचे पथक होते. साध्या कपड्यांतील एक अधिकारी, दोन शिपाई आणि त्यांच्या मध्ये लुंगी नेसलेला एक किडकिडीत तरुण. त्या तरुणाने गल्लीतील दुकानांवरून नजर फिरवली आणि आमच्या दुकानाकडे बोट केले.

अधिकाऱ्याने मोडक्या हिंदीत आणि बऱ्या इंग्रजीत सांगितले, की एका घरातून तीन पवनांची साखळी चोरीस गेली आहे, या माणसाने ती तुमच्याकडे विकल्याची कबुली दिली आहे, तेव्हा साखळी काढा. वितळवली असेल तर तेवढे सोने द्या. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. रोजचे काम उरकावे तसे ते बोलत होते आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

आजूबाजूच्या दुकानांतील आमच्याकडील माणसे गोळा झाली. त्यांच्यातील एका वडीलधाऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितले, “चोवीस ग्रॅमचा तर प्रश्न आहे. देऊन टाक आणि मोकळा हो. दुकान आठ दिवस बंद पडलं तर याच्या दुप्पट जाईल.” हा सल्ला वाईट हेतूने दिलेला नव्हता. परराज्यातील कितीतरी गलाईवाल्यांनी अशा वेळी हाच मार्ग धरलेला आहे, कारण कोर्टाच्या फेऱ्या, भाषा येत नाही, जामीन राहायला स्थानिक माणूस नाही, या सगळ्यांपुढे थोडे सोने स्वस्त वाटते. मी दाजींना फोन लावला. पलीकडे पालखीपुढचे ढोल वाजत होते, त्यामुळे ते ओरडून बोलत होते. त्यांनी सांगितले ते इतकेच: “नाही म्हणू नकोस, हो म्हणू नकोस. सोन्याला हात लावू नकोस. त्यांना बसव, लेखी मागणी माग, वही पुढे ठेव आणि मुकादमाला निरोप धाड.”

सोन्याला हात का लावायचा नाही, याचा उलगडा मला नंतर एका वकिलांकडून झाला, आणि तो आमच्या भागातील प्रत्येक पोराला घर सोडण्यापूर्वी सांगायला हवा. आरोपीने पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात पुरावा म्हणून धरली जात नाही. मात्र तेव्हाच्या साक्ष अधिनियमाच्या कलम २७ नुसार, त्याने दिलेल्या माहितीवरून एखादी गोष्ट प्रत्यक्ष उघडकीस आली, तर त्या माहितीचा तेवढा भाग ग्राह्य ठरतो. आता दुकानदाराने भीतीपोटी आपल्याच तिजोरीतून चोवीस ग्रॅम काढून दिले, की कागदावर ते आरोपीच्या सांगण्यावरून सापडलेले सोने होते. ज्या दाव्यात काहीच नव्हते, त्याला आपणच मुद्देमाल पुरवतो आणि भारतीय दंड संहितेच्या कलम ४११ खाली, म्हणजे चोरीचा माल जाणूनबुजून घेतल्याबद्दल, तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे दार स्वतःच उघडतो. शिवाय एकदा दिले, की पुढच्या चोरालाही तेच दुकान दाखवले जाते.

मी अधिकाऱ्यांना खुर्ची दिली आणि साखळी कोणत्या तारखेला विकली, असे नम्रपणे विचारले. त्यांनी कागद पाहून तारीख सांगितली. मी वहीचे ते पान उघडून त्यांच्यापुढे सरकवले. पानावर तिरपी रेघ होती आणि तिच्यावर घड्याळवाल्यांच्या गोल, सुबक अक्षरांत मल्याळम ओळ होती. ती मला वाचता येत नव्हती. त्यांनी वाचली, मागचे पान पाहिले, पुढचे पान पाहिले, पृष्ठांकांवरून बोट फिरवले आणि त्या तरुणाकडे वळून काहीतरी दरडावून विचारले. त्या दिवशी राज्यभर हरताळ होता.

तरुण गांगरला, मग म्हणाला की दिवसा नाही, सहा वाजून गेल्यावर विकली. हे अशक्य नव्हते, कारण सहानंतर पुष्कळ दुकाने उघडतात, आणि क्षणभर सगळे पुन्हा मूळ पदावर आले. एवढ्यात मुकादम येऊन पोहोचले. खांद्यावरचा पंचा न काढताच त्यांनी अधिकाऱ्यांशी बोलायला सुरुवात केली. त्यांचे मल्याळम वेगवान होते, परंतु मतलब मला कळला आणि पुढे घड्याळवाल्यांनी तो नीट समजावूनही दिला. त्या दिवशी ही गल्ली बंद राहील हे पाहण्याचे काम ज्यांच्याकडे होते, त्यांत ते स्वतःच होते. संध्याकाळची सभा गल्लीच्या तोंडाशीच झाली, ती रात्री उशिरापर्यंत चालली आणि तोवर गल्लीत एकही दुकान उघडले नाही. ज्या हमालांच्या नावाने आमची माणसे उठता-बसता कुरकुर करत, त्यांच्याचपैकी एकाची ही साक्ष होती, आणि हरताळाच्या दिवशी दुकान बंद होते याला, ते बंद करायला लावणाऱ्याहून खात्रीचा साक्षीदार कुठून आणणार?

अधिकारी सज्जन निघाले, हेही नमूद केले पाहिजे. त्यांनी लेखी मागणी देऊन वहीच्या संबंधित पानांच्या छायाप्रती घेतल्या. झडतीच्या वेळी त्याच भागातील दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून हजर हवेत, असे कायदा सांगतो. ते दोघे कुठे शोधावे लागले नाहीत. दुकानात अशी वस्तू आढळली नाही, असा पंचनामा झाला आणि त्याखाली घड्याळवाल्यांनी आणि मुकादमांनी सह्या केल्या. जाण्यापूर्वी अधिकाऱ्यांनी कुतूहलाने विचारले, की वितळवलेल्या सोन्यावरून मूळ दागिना ओळखता येतो का. मी त्यांना भट्टीपाशी नेले आणि नुकतीच पाडलेली ती विटकरी भुकटी दाखवली. धुराने त्यांना ठसका लागला, ते मागे सरले आणि हे सोने आहे का, असे त्यांनीही विचारले. साखळीचे पुढे काय झाले, ते आम्हाला कळले नाही. आम्हाला समन्स मात्र कधी आले नाही.

दाजी परतल्यावर गल्लीतील आमच्या मंडळींची एक बैठक झाली. तिच्यात मल्याळम वहीचा विषय निघाला, तेव्हा निम्म्या लोकांनी तो हसण्यावारी नेला. त्यांचे म्हणणे, आपण काय इथे कायमचे राहणार आहोत? हा युक्तिवाद मी नंतर अनेक ठिकाणी ऐकला आहे आणि तो मला कधीच पटलेला नाही. पंधरा-वीस वर्षे एकाच गल्लीत काढूनही शेजारच्या दुकानदाराचे नाव ठाऊक नसणारी, जेवण, खोली, भिशी, भांडण सगळे आपल्याच तालुक्यापुरते ठेवणारी माणसे मी तिथे पाहिली. गावाकडे ती यात्रेला सढळ हाताने वर्गणी देतात, देवळांचे कळस चढवतात, पण ज्या गल्लीत पोट भरते तिथल्या उत्सवाच्या वर्गणीची पावती फाडताना त्यांचा हात आखडतो. तात्पुरते राहायला गेलेल्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्यांची पुण्याई नसते, नातेवाइकांचे जाळे नसते. जे काही त्याच्या बाजूने बोलणार, ते तिथल्या माणसाच्या तोंडून आणि तिथल्या लिपीतच बोलणार. निव्वळ प्रामाणिक असण्याने त्याचे काम भागत नाही.

मला पुढे नोकरी लागली आणि मी विट्याकडे परतलो. आता दुकान भाचा पाहतो. दरम्यान कायदे बदलले. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुन्या कलम ४११ मधील गुन्हा आता कलम ३१७ मध्ये आला. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आणि दागिन्यावर सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक आला, मात्र मुशीत गेला की तोही वितळतो. भाच्याने दुकानात दोन कॅमेरे बसवले आहेत आणि अनोळखी माणसाचे आधार कार्ड पाहिल्याशिवाय तो माल घेत नाही. मल्याळम वही त्याने तरीही चालू ठेवली आहे. कॅमेरे असताना तिची काय गरज, असे मी मागच्या दिवाळीत विचारले. कॅमेऱ्यातील चित्रण महिन्याभरात आपोआप पुसले जाते आणि पोलिस सहसा त्यानंतरच येतात, असे त्याने सांगितले.