खांद्यापर्यंत हात

मिस्त्रीचा हात खांद्यापर्यंत इंजिनात गेलेला असतो तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. डोळे भलतीकडेच, समोरच्या विजेच्या तारांवर नाहीतर शेजारच्या रसवंतीच्या पाटीवर. ओठ मुडपलेले. बोलता बोलता वाक्य मध्येच सुटतं आणि पुन्हा कधी सापडत नाही. अडलेल्या गाईच्या आत हात घातलेला जनावरांचा डॉक्टर असाच लांब कुंपणाकडे बघत उभा असतो. सांगलीत माधवनगर रोडला एका गॅरेजपुढे प्लास्टिकच्या खुर्चीत बसून हा चेहरा मला बराच वेळ न्याहाळता आला, कारण दाजींच्या जुन्या पिकअपचा अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा डबा, बदलायचा होता आणि तो अशा जागी होता की तिथं नजर पोचतच नाही.

तासगावचे बेदाण्याचे बॉक्स मार्केट यार्डात आणायचे, परतीला खताची पोती न्यायची, हे त्या गाडीचं काम. गेले काही दिवस बॅटरीचा लाल दिवा इंजिन चालू झाल्यावरही पुरता विझत नव्हता. धड पेटतही नव्हता, नुसता मिणमिणायचा. दाजींनी त्याला डोळ्याआड केलं. जुनं डिझेल इंजिन याबाबतीत लबाड असतं. त्याचा पंप यांत्रिक. एकदा सुरू झालं की विजेवाचून त्याचं फारसं अडत नाही. त्यामुळे चार्जिंग बंद पडलं तरी गाडी पळत राहते, आणि मालक म्हणत राहतो, काय धाड भरलीय हिला? मग एका रात्री कवलापूरच्या पुढे हेडलाइट पिवळे पडतात, हॉर्नचा घसा बसतो आणि सकाळी स्टार्टर नुसता टक् करून गप्प होतो.

दाजींनी संशय घेतला तो बॅटरीवर. सगळेच घेतात. बॅटरी वर असते, हाताशी असते, दुकानातून उचलून आणता येते. संशयाला अगदी सोयीची. मिस्त्रीने पोराला धक्का मारायला लावून इंजिन सुरू केलं आणि मीटर लावला. चालू गाडीत १४ च्या आसपास व्होल्ट दिसायला हवेत. काटा १२ पर्यंतही चढेना.

"बॅटरी न्हाई मालक. डायनामो गेलाय."

दाजींनी वाकून बघितलं. "दोनच बोल्ट दिसत्यात की."

"दोनच हायत. सोडा की मग तुम्ही, मी चा पिऊन येतो."

मिस्त्री ज्याला डायनामो म्हणाला तो अल्टरनेटरचा डबा म्हणजे खरं तर कौतुकाची वस्तू आहे. पट्ट्याने आतला रोटर फिरतो आणि भोवतीच्या तांब्याच्या गुंडाळ्यांत थ्री फेज वीज तयार होते, विहिरीवरच्या मोटारीसाठी आपण रात्र रात्र जिची वाट बघतो त्याच जातीची. मागच्या प्लेटवरचे डायोड तिला बॅटरीला चालेल अशी एका दिशेची करतात. त्याआधीचा डायनामो इंजिन संथ फिरत असताना बॅटरीला काही देत नसे. सिलिकॉनचे डायोड परवडू लागले तसा अल्टरनेटर आला; अमेरिकेत क्रायस्लरने १९६० च्या व्हॅलियंट गाडीवर तो सरसकट बसवला. गॅरेजात अजूनही कुणी त्याला डायनामोच म्हणतं, आणि त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

पण एवढा खाली, कोपऱ्यात का? वरून बघावं तर एअर फिल्टरचा जाड पाइप आणि पॉवर स्टेअरिंगचा पंप. खालून जावं तर चेसिसची आडवी पट्टी. मिस्त्रीला विचारलं, बसवणाऱ्याने विचार केला नसेल का?

"त्याला कुठली अडचण? इंजिन भायेर असतानाच बसीवलाय त्यानं."

हे मला पटलं. कारखान्यात इंजिन उघडं असतं, चारी बाजूंनी हात जातो. गाडीत उतरल्यावर त्याच्याभोवती एकेक पाइप, पत्रा, वायर येत जाते आणि जागा बुजते. आराखडा करणाऱ्याला शिव्या घालायची पद्धत आहे, पण त्याचीही बाजू असणार. पट्टा क्रँकच्या पुलीच्या रेषेतच हवा. शिवाय अशा डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या शेपटीला हवा ओढणारा व्हॅक्यूम पंप असतो. डिझेल इंजिन पेट्रोलच्या इंजिनासारखी ओढ तयार करत नाही, म्हणून ब्रेकचं पेडल हलकं करणाऱ्या बूस्टरसाठी ती वेगळी करावी लागते. त्या पंपाला इंजिनाचं ऑइल जातं आणि आपल्या वजनाने उतरून खाली परत येतं. म्हणजे वीज, ब्रेक आणि ऑइल, तिन्हींच्या नाड्या एकाच कोपऱ्यात. सील गळायला लागलं की ऑइल थेट अल्टरनेटरमध्ये. दाजींच्या गाडीत तेच झालं होतं. रोटरला वीज पोचवणारे कार्बन काळ्या चिखलात बसले होते, डायोडही गेलेला.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर निघाली. अल्टरनेटरच्या जाड वायरमध्ये गाडी बंद असतानाही करंट असतो, पाना पत्र्याला टेकला की ठिणगीच. मग पाइप निघाले आणि परतीच्या पाइपातलं ऑइल मिस्त्रीच्या कोपरावरून बनियनपर्यंत गेलं. तो तारांकडेच बघत होता. "चौदा न्हाई रे, तेरा आण," म्हणाला. आकडा बोटाने वाचला होता. खालच्या लांब बोल्टचा नट मागच्या बाजूला. वरून मिस्त्रीचा रिंग पाना, गाडीखालून पोराचा. जागा एवढी कमी की पाना ३० अंश फिरला की काढायचा, पुढच्या खाचेत घालायचा, पुन्हा ३० अंश.

"फिरतोय का?"

"फिरतोय."

"नट फिरतोय का बोल्ट?"

खालून बराच वेळ उत्तर नाही.

निघण्यापेक्षा बसवणं अवघड होतं. नव्याच्या पंपात मिस्त्रीने थोडं ऑइल ओतून पुली हाताने फिरवली, कोरडा चालवला तर पंप जातो. मग वर चढवून बोल्ट घातला, आणि न दिसणाऱ्या नटाची वेळ आली. तो बोटाच्या टोकावर नेऊन त्याने आधी उलटा फिरवला. आट्याची सुरुवात सापडली की बारीक टक् लागतो, तिथून सुलटा. आटा वाकडा धरायची भीती राहत नाही. मला तो टक् ऐकू आला नाही. मिस्त्रीच्या भुवया तेवढ्या सैल झाल्या आणि अर्धवट सोडलेलं द्राक्षाच्या दराचं वाक्य त्याने या वेळी पूर्ण केलं.

लाल दिवा विझला. हेडलाइट लावूनही मीटरवर १४. मिस्त्रीने दाजींना ब्रेक दाबायला लावला. पेडल आधी दगडासारखं, मग ओढ तयार झाली तसं मऊ पडलं. मजुरी दाजींनी न बोलता दिली, ही नोंद करण्यासारखी गोष्ट.

"पट्टा नवा हाय, सैल पडंल. आठवड्यानं ताणायला आणा."

दाजींचा चेहरा उतरला. "म्हंजे परत सगळं खोलायचं?"

"न्हाई ओ. ताणायचा बोल्ट वरनंच लागतोय."