आधी व्हीसीडी, मग बाकी सगळं: संग्रहाची चौथी नोंद

मंडळी, मागच्या नोंदीत लिहिलं होतं की दिवाळीच्या आत फोर-के (फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचं चित्र दाखवणाऱ्या डिस्कचा) प्लेअर घ्यायचा आणि डीव्हीडी एकेक करून बदलायला सुरुवात करायची. त्यासाठी चाळीस हजार बाजूला काढून ठेवले होते. जूनमध्ये हा बेत बदलला. का बदलला ते नीट सांगते, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या कपाटात हाच प्रश्न पडून असणार.

८ जून

आधी मोजदाद केली. अण्णांचा आणि माझा मिळून संग्रह ४३८ चित्रपटांचा भरला: व्हीएचएस टेप २२, व्हीसीडी (सीडीवर भरलेले चित्रपट) १६१, डीव्हीडी १९७, ब्लू-रे (डीव्हीडीपेक्षा जास्त बारकाव्याच्या डिस्क) ४७ आणि एचडी डीव्हीडी ११. व्हीसीडी म्हणजे एका चित्रपटाला दोन किंवा तीन डिस्क, कारण एका डिस्कवर साधारण ७४ मिनिटंच मावतात. त्यामुळे डिस्कचा आकडा बराच वर जातो.

रत्नागिरीत पावसाळ्यात चामड्याच्या चपलेलाही बुरशी येते, तिथे डिस्कची काय कथा. कपाटात अण्णांनी पंधरा वॅटचा बल्ब कायम जळता ठेवला होता, म्हणून इतकं तरी टिकलं. तरीही कागदी पाकिटातल्या काही व्हीसीडी पाकिटाला चिकटल्या होत्या. एक ओढून काढली तर छापील बाजूचा चंदेरी थर टिकलीएवढा पाकिटावर राहिला. डिस्क उजेडात धरली, तर तेवढ्या भोकातून खिडकी दिसली.

ते बघून पोटात गोळा आला. सीडीत माहितीचा थर छापील बाजूलाच असतो, वर फक्त लाखेचा पातळ लेप. खालच्या बाजूला १.२ मिलिमीटरचं प्लास्टिक आहे, तिथला ओरखडा पॉलिशने जातो. वरचा थर गेला की गेला. डीव्हीडीत तोच थर ०.६ मिलिमीटरच्या दोन तबकड्यांच्या मध्ये बंद असतो. ब्लू-रेत तो लेझरच्या बाजूने जेमतेम ०.१ मिलिमीटर आत असतो, पण त्यावर कठीण लेप दिलेला असतो. आमच्या संग्रहातला सगळ्यात नाजूक माल व्हीसीडी, आणि मी मात्र डीव्हीडी बदलायचे बेत करत होते.

१५ जून

तरी फोर-केचा प्रश्न हवेत ठेवायचा नव्हता, म्हणून टेप घेऊन मोजमाप केलं. आमचा टीव्ही ५५ इंची, पडद्याची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर. सोफा नऊ फुटांवर.

निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतका बारकावा वेगळा दिसतो असं धरतात. फोर-केच्या आडव्या ३,८४० ठिपक्यांतला एक ठिपका आमच्या टीव्हीवर ०.३२ मिलिमीटरचा. तो सुटा दिसायला साडेतीन फुटांवर बसावं लागेल. फुल एचडीचा, म्हणजे ब्लू-रेचा, ठिपका सात फुटांपर्यंत दिसतो. डीव्हीडीचा एकोणीस फुटांपर्यंत. म्हणजे आमच्या सोफ्यावरून डीव्हीडी आणि ब्लू-रे यांतला फरक चटकन कळणार. ब्लू-रे आणि फोर-के यांतला फरक नुसत्या ठिपक्यांच्या हिशेबात कळणार नाही. फोर-के डिस्कचा खरा फायदा एचडीआरचा, म्हणजे उजेड आणि काळोख यांतला जास्त पल्ला दाखवण्याचा: दिव्याची ज्योत, पाण्यावरचं ऊन, काळोखातला काळा रंग. तो नऊ फुटांवरूनही दिसतो, पण त्यासाठी टीव्हीतही तेवढा उजेड हवा. आमचा टीव्ही त्या बाबतीत मध्यम आहे.

दुसरी गोष्ट, डिस्कवरचा आकडा मोठा म्हणून चित्र चांगलं असं नसतं. माझ्याकडे एका जुन्या हिंदी चित्रपटाची ब्लू-रे आहे. जुनाच व्हिडिओ मास्टर ताणून मोठा केलेला, आणि फिल्मचे कण घासून काढण्याच्या नादात माणसांचे चेहरे मेणाचे झालेत. त्याच चित्रपटाची माझी डीव्हीडी त्यापेक्षा जिवंत वाटते. याच्या अगदी उलट उदाहरण सत्यजित राय यांच्या अपू चित्रत्रयीचं. तिच्या मूळ निगेटिव्ह १९९३ मध्ये लंडनच्या प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत जळाल्या. त्या जळक्या, कडक झालेल्या फिल्म इटलीत बोलोन्याला नेऊन, ओलावा देऊन पुन्हा मऊ केल्या. ‘पथेर पांचाली’चा सुमारे ४० टक्के भाग त्या जळालेल्या निगेटिव्हमधून वाचवता आला, बाकीचा दुसऱ्या चांगल्या प्रतींवरून घेतला. २०१५ मध्ये आलेली ती ब्लू-रे मी लावली, तेव्हा माझी जुनी डीव्हीडी पुन्हा कधी हातात घेतली नाही. पैसे अशा कामासाठी द्यायचे. स्कॅन कशावरून केलं, कधी केलं, कुणी केलं, हे कळल्याशिवाय मी आता डिस्क बदलणार नाही.

अण्णांमुळे आणखी एक गोष्ट लक्षात आली. अण्णा पेटी वाजवतात. पॅल या टीव्ही पद्धतीच्या डीव्हीडीवर एक जुनं गाणं लागलं आणि ते म्हणाले, “हे चढं लागतंय गं. माझ्या कॅसेटवर काळी एक आहे, आणि इथे काळी एकही नाही आणि पांढरी दोनही नाही.” पेटी काढून पाहिलं. खरोखर दोन पट्ट्यांच्या मधोमध. कारण साधं आहे. सिनेमा सेकंदाला २४ चौकटींचा, पॅल २५ चौकटींचं. सरळ तेवढ्या वेगाने चालवला की दोन तासांचा चित्रपट ११५ मिनिटांत संपतो आणि आवाज चार टक्क्यांनी चढतो. ब्लू-रेवर चित्रपट २४ चौकटींनीच चालू शकतो. ठिपके वगैरे सगळं बाजूला ठेवलं, तरी गाण्यांच्या चित्रपटांसाठी डीव्हीडी बदलायला मला हे एवढं कारण पुरेसं आहे.

२७ जून

एचडी डीव्हीडीबद्दल, म्हणजे ब्लू-रेशी स्पर्धेत हरलेल्या डिस्कबद्दल, दोघातिघांनी विचारलं होतं. त्या अकरा डिस्क आणि प्लेअर न्यू जर्सीच्या आतेभावाने घर बदलताना पाठवले. प्लेअर तिकडच्या विजेवर चालणारा, म्हणून मध्ये स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावावा लागतो. अकरापैकी आठ चालल्या.

२००६ मध्ये दोन्ही प्रकार बाजारात आले. एका बाजूला तोशिबाची एचडी डीव्हीडी, एका थरात १५ जीबी. दुसऱ्या बाजूला सोनी आणि मंडळींची ब्लू-रे, एका थरात २५ जीबी. सोनीच्या प्लेस्टेशन ३ या गेम मशीनमधूनच ब्लू-रे लोकांच्या घरात शिरली. ४ जानेवारी २००८ ला वॉर्नर या हॉलिवूड स्टुडिओने ब्लू-रेची बाजू घेतली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने हात टेकले. दीड महिन्यात खेळ खलास. अण्णांनी हे ऐकून बेटामॅक्सची, म्हणजे व्हीएचएसपुढे हरलेल्या टेपची, आठवण काढली. त्यांच्या मित्राने हौसेने बेटामॅक्स घेतला होता, पण गावात गणपतीला भाड्याने यायचा तो व्हीएचएसचा व्हीसीआर. रात्रभर तीन पिक्चर, सकाळी आरतीच्या आधी मशीन परत. कॅसेट मिळते कुठली, त्यावर मशीन ठरायचं.

या अकरा मी ठेवणार आहे, पण त्यांच्यावर वेळ घालवणार नाही. त्यातला प्रत्येक चित्रपट ब्लू-रेवर मिळतो.

१२ जुलै

मुख्य काम इथून सुरू झालं. १६१ व्हीसीडींपैकी ९६ चित्रपट मराठी. एकेक नाव घेऊन शोधलं: डीव्हीडी आली का, ओटीटीवर आहे का, टीव्हीवर लागतो का. ५८ चित्रपट मला दुसऱ्या कुठल्याच रूपात सापडले नाहीत. त्यांत पुरस्कारवाले फार नाहीत. ग्रामीण विनोदी, कौटुंबिक, तमाशाप्रधान, एकदा एसटी स्टँडच्या बाहेर विकले गेलेले. २००७ च्या सुमारास मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी विकायला सुरुवात केली, तेव्हा भावच कोसळले आणि लोकांनी वर्तमानपत्र घ्यावं तशा डिस्क घेतल्या. तशाच टाकूनही दिल्या.

चित्र किती गरीब आहे ते मला माहीत आहे. व्हीसीडीची चौकट ३५२ बाय २८८. सिनेमास्कोप असेल तर वरखाली काळ्या पट्ट्या, म्हणजे चित्राला उरतात १६३ ओळी. फोर-के टीव्हीवर चित्र पडदाभर ताणलं, तर व्हीसीडीचा एक ठिपका ८२ ठिपके व्यापतो. गर्दीच्या प्रसंगात चौकोन उड्या मारतात. पण हे गेलं तर मागे काही उरणार नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आपल्या पुण्यात १९६४ पासून आहे. तिथे प्रिंट असलेला चित्रपट उद्या स्वच्छ होऊन आला, तर मी पहिल्या दिवशी विकत घेईन. तोपर्यंत माझ्या हातातली व्हीसीडी वाचवणं हे माझं काम.

आता ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी. व्हीसीडीतली चित्रपटाची नुसती ‘डॅट’ फाइल कॉपी करू नका. साध्या डेटा सीडीच्या सेक्टरमध्ये, म्हणजे माहितीच्या एका तुकड्यात, २,०४८ बाइट माहिती आणि चूक सुधारण्याचा एक जादा थर असतो. व्हीसीडीत जागा वाढावी म्हणून तो जादा थर काढून २,३२४ बाइट भरलेत. त्यामुळे तोच ओरखडा व्हीसीडीला जास्त बाधतो, आणि साधी कॉपी वाईट सेक्टर आला की मध्येच थांबते. मी सीडीआरडाओ या प्रोग्रॅमने अख्ख्या डिस्कची कच्ची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी प्रत, घेते. त्यानंतर एफएफएमपेग या प्रोग्रॅमने एमपीजी व्हिडिओ फाइल काढते, पण पुन्हा एन्कोड न करता, म्हणजे चित्र नव्याने न आवळता. मोठं करणं, गुळगुळीत करणं, एआय लावणं यातलं काही मूळ प्रतीवर करत नाही. डिस्क पुसायची ती मधून कडेकडे सरळ, गोल फिरवून नाही. गोल ओरखडा रेषेच्या दिशेने जातो आणि सलग माहिती खातो.

आणि जुना ड्राइव्ह फेकू नका. माझ्याकडे तीन आहेत. नव्या लॅपटॉपला लावायचा पातळ ड्राइव्ह या कामात सगळ्यात कच्चा निघाला. अण्णांच्या जुन्या कॉम्प्युटरमधला जाडजूड सीडी रायटर घरघर करत, सावकाश, पण वाचतो. वाचण्याचा वेग कमी करून चारपटीवर (४x) आणला की आणखी वाचतो.

५८ चित्रपटांच्या १२४ डिस्क आहेत. आजपर्यंत ७१ झाल्या. ६२ निर्मळ, ९ मध्ये चुका. त्या नवापैकी सहा दुसऱ्या ड्राइव्हवर पूर्ण वाचल्या. तीन राहिल्या.

३ ऑगस्ट

राहिलेल्या तीनपैकी एक मला फार लागली होती. दुसऱ्या डिस्कवर एकतिसाव्या मिनिटाला नायिकेची आई उंबऱ्यात बसून दळण निवडते आहे, मुलगी निघायचं म्हणते, आणि आई सूप खाली न ठेवताच मान वर करते. तिथेच चित्र फुटायचं. २१२ सेक्टर वाचत नव्हते. व्हीसीडीत सेकंदाला ७५ सेक्टर जातात, म्हणजे जेमतेम तीन सेकंद. पण तो चेहरा त्याच तीन सेकंदांत होता. माझ्या आईने हा चित्रपट लग्नानंतर पहिल्यांदा थिएटरात पाहिला होता, आणि ती दर वेळी त्या जागी थांबायची.

लांज्याला एक जुनी कॅसेट लायब्ररी होती, आता तिथे मोबाइल रिचार्ज आणि झेरॉक्स आहे. मालकांना विचारलं. ते म्हणाले, “माळ्यावर दोन खोकी आहेत ताई, पण काय अवस्थेत आहेत ते बघा तुम्हीच.” शिडी लावली. उंदरांनी कव्हरं खाल्ली होती, आतल्या डिस्क मात्र प्लास्टिकच्या डब्यांत होत्या. दुसऱ्या खोक्यात तो चित्रपट सापडला. पहिली डिस्क गायब, दुसरी हजर. काकांनी पैसे घ्यायला साफ नकार दिला. मी बळेच दोनशे रुपये गल्ल्यावर ठेवून आले.

घरी येऊन दोन्ही डिस्क उलट्या धरून मधल्या भोकाभोवतीच्या आरशासारख्या कड्यावर कोरलेला क्रमांक भिंगाने ताडून पाहिला. एकच होता. म्हणजे दोन्ही एकाच साच्यातून निघाल्या आहेत, आणि सेक्टरचा पत्ता तोच तर आतली माहितीही तीच. लांज्याच्या डिस्कवर ओरखडे माझ्यापेक्षा जास्त होते, पहिल्या दहा मिनिटांत तर ती अडखळतच होती. पण माझे २१२ सेक्टर तिने सगळेच्या सगळे दिले. ते माझ्या प्रतिमेत जागच्या जागी बसवले. रात्री साडेअकराला फाइल तयार झाली. आई जागीच होती. एकतिसावं मिनिट आलं, सूप धरलेल्या बाईने मान वर केली, ते पाहून आई म्हणाली, “पुढे घालवू नकोस, चालू दे.” पुढची चाळीस मिनिटं आम्ही तिघांनी तशीच पाहिली.

चाळीस हजारांचं असं ठरवलंय: चार टीबीच्या दोन हार्ड डिस्क घेतल्या, एक इथे आणि एक पुण्याला भावाकडे राहील. उरलेल्यांतून आणखी एक ब्लू-रे प्लेअर, कारण आमचा आता कुरकुरतोय आणि ओप्पोने २०१८ मध्ये, सॅमसंगने २०१९ मध्ये या धंद्यातून अंग काढलं. चांगला प्लेअर पुढे मिळेलच असं मी धरून चालत नाही. १९७ डीव्हीडींपैकी ३४ वर मी खूण केली आहे. या गाण्यांच्या, किंवा नव्या स्कॅनवरून खरंच निगुतीने काम झालेल्या. त्या ब्लू-रेवर बदलेन, महिन्याला दोन. फोर-के पुढच्या टीव्हीबरोबर.

५३ डिस्क अजून बाकी आहेत. त्यातल्या अकरा पाकिटाला चिकटलेल्या आहेत, त्यांना मी हात लावलेला नाही. पाऊस ओसरू दे. ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात, सावलीत ठेवून, एकेक पाकीट कडेने ब्लेडने कापून काढायचं ठरवलं आहे. ओढायचं नाही.