डिलाईल रोड ते गोकुळ शिरगाव : आमची वाटचाल

लोखंडाची कुठलीही ओतीव वस्तू घ्या, पंपाची बॉडी, व्हॉल्व्हचं कव्हर, ट्रॅक्टरचं हाउसिंग. ती ओतण्याआधी कुणीतरी तिचा पॅटर्न, म्हणजे त्याच आकाराचा नमुना, बनवलेला असतो. हा पॅटर्न ठेवून भोवती वाळू ठोकून भरतात, तो अलगद उचलून काढतात आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. आमचा कारखाना असे पॅटर्न आणि कोअर बॉक्स बनवतो. वस्तू आतून पोकळ ठेवायला साच्यात वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, बसवतात; तो ज्यात तयार होतो तो कोअर बॉक्स. वडिलांनी १९७४ साली मुंबईत डिलाईल रोडच्या एका गाळ्यात काम सुरू केलं. २०१३ पासून आम्ही कोल्हापूरला गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आहोत. आलो तेव्हा मी ४६ वर्षांचा होतो. त्या वयात मुंबई कशी काय सोडलीत, असं मुंबई-ठाण्याचे कारखानदार मित्र अजून विचारतात. त्यांच्यातल्या काहींच्या मनात आज तोच विचार घोळतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वडील कुडाळ तालुक्यातले, घरात सुतारकी. मुंबईत एका पॅटर्न शॉपमध्ये हाताखाली लागले आणि शिकले. त्या काळी गिरण्यांच्या यंत्रांचे सुटे भाग, म्हणजे गिअर, पुल्या, ब्रॅकेट, मुंबईतच ओतले जात. त्यामुळे आमचं गिऱ्हाईक चालत जाण्याच्या अंतरावर होतं. लाकूड रे रोडच्या बाजारातून, हत्यारं नागदेवी स्ट्रीटवरून. वडील सागाची फळी नुसती हातात घेऊन ती पुरती वाळली आहे की नाही ते सांगत. त्यांची श्रिंकेजची पितळी पट्टी आजही आमच्या ऑफिसात आहे. बिडाचं लोखंड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून या पट्टीवरचा एक मीटर प्रत्यक्षात १०१० मिलिमीटरचा असतो. पोलाद याच्या दुपटीच्या आसपास आकसतं, त्याची पट्टी वेगळी. ड्रॉइंगवरचं माप सरळ लाकडावर उतरवणारा माणूस पॅटर्नवाला होऊच शकत नाही, हे मी शाळेत असल्यापासून ऐकत आलो.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि आमचं काम थांबल्यातच जमा झालं. वडिलांनी कुर्ला, भांडुप, वागळे इस्टेट पालथी घातली आणि पंप-व्हॉल्व्हवाल्यांची कामं मिळवली. मी डिप्लोमा करून १९९० मध्ये धंद्यात आलो, तो याच कामावर. ती वर्षं चांगली गेली.

पुढे मुंबईत फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतण्याचा कारखाना, चालवणं कठीण होत गेलं. भट्टीचा धूर, वस्त्यांच्या तक्रारी, विजेचा खर्च, आणि सगळ्यात मोठं म्हणजे जागेचा भाव. लालबहादूर शास्त्री मार्गावरचे कारखाने पाडून तिथे मॉल आणि टॉवर उभे राहताना आमच्या पिढीने पाहिले. आमच्या गिऱ्हाइकांची ऑफिसं मुंबईत राहिली, पण त्यांचं कास्टिंग, म्हणजे ओतीव माल, कोल्हापूरहून येऊ लागलं. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत, इचलकरंजी या पट्ट्यात शेकडो फाउंड्र्या. ऊस गाळायचे चरक आणि ऑइल इंजिनांपासून तयार झालेलं तिथलं कसब आता मोटारींच्या सुट्या भागांपर्यंत पोचलेलं आहे. म्हणजे पॅटर्न आम्ही डिलाईल रोडला करायचा आणि वापरला जायचा पावणेचारशे किलोमीटरवर.

इथे आमच्या धंद्याची खरी गोम आहे. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. मुंबईच्या जुलैमध्ये जोडलेला पॅटर्न कोल्हापूरच्या कोरड्या मार्चमध्ये गेला की शिरांच्या आडव्या दिशेने आकसतो. रंग-लाख कितीही नीट लावा, मोठ्या पॅटर्नचा सांधा उघडा पडतोच. शिवाय नवा पॅटर्न पहिल्या कास्टिंगलाच बरोबर ठरला असं क्वचित होतं. कुठे बाजूचा उतार, म्हणजे टेपर, कमी पडतो, कुठे कोअर नीट बसत नाही. मग फाउंड्रीतून फोन, मी रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसला, सकाळी फाउंड्रीत. किरकोळ दुरुस्ती असेल तर तिथेच रंधा मारायचा. मोठी असेल तर पॅटर्न ट्रकने परत मुंबईला, जकात नाक्यावर कागद दाखवत. चार तासांच्या कामाला आठवडा जायचा, आणि तेवढे दिवस गिऱ्हाइकाची लाइन अडकलेली.

अशातच आमच्या गाळ्याच्या मालकाने इमारत पुनर्विकासाला काढली. जागा बदलावी लागणारच होती. वसई, भिवंडी, तळोजा, रबाळे, सगळीकडे चौकशी केली. बहुतेकांचा सल्ला वसईचा होता. गाळे मिळतात, भाडं परवडतं, घर हलवायला नको. सल्ला वाईट नव्हता, पण वसईला गेल्याने कोल्हापूर एका मीटरनेही जवळ येणार नव्हतं. माझं मत तेव्हा बनलं आणि आजही पक्कं आहे. कारखाना हलवायचाच असेल तर स्वस्त भाड्याकडे हलवू नये, माल जिथे वापरला जातो तिथे हलवावा. आमचं सगळं काम जिथे जात होतं त्या गावात आम्हीच नव्हतो.

घरचा प्रश्न मोठा होता. मशीन नटबोल्ट काढून ट्रकवर चढवता येतं, घर नाही. मुलाची दहावी होईपर्यंत थांबलो. पत्नी बँकेत होती, तिची बदली व्हायला वेळ लागला, तोपर्यंत मी कोल्हापुरात खोली घेऊन राहिलो आणि ती मुंबईत मुलाला आणि आईला सांभाळत होती. या वाटचालीचं श्रेय द्यायचं तर निम्म्याहून जास्त तिचं आहे, आणि हे मी औपचारिकता म्हणून लिहीत नाही. आईचा जन्म मालवणी मुलखातला, उरलेलं आयुष्य मुंबईत. तिला वाटलं, घाटावर मासे कसले मिळणार. घाट उतरला की कोकणच, मासे रोज वर येतात, हे तिला इथे आल्यावर कळलं आणि तिचा अर्धा विरोध तिथे संपला.

सहा कारागिरांपैकी दोघे आमच्याबरोबर आले. बाकीच्यांची घरं नालासोपारा-विरारला, मुलं तिकडच्या शाळांत. त्यांना या म्हणण्याचा मला हक्कच नव्हता. त्यांचा हिशेब चुकता केला, दोघांना ओळखीच्या ठिकाणी काम लावून दिलं. तरी वडिलांच्या वेळचे हात सुटले याचं दुःख आहेच.

कोल्हापुरात पहिला प्रश्न सगळीकडे एकच, "पाव्हणं, गाव कंचं? इथं कोण हाय तुमचं?" मुंबईत आधी कोटेशन बघतात, इथे आधी माणूस बघतात. उधारी मोठी आणि लांबची असते, पण दिलेला शब्द पाळला जातो. मुंबईत लोहार चाळ आणि नागदेवीत एका फेरीत जे मिळायचं ते इथे मिळेल का, ही धास्ती होती. उद्यमनगर या इथल्या कारखान्यांच्या भागात फिरलो आणि ती निघाली. तिथे वस्तू मिळाली नाही तर बनवून देणारा मिळतो.

सगळ्यात मोठा बदल कामात झाला. एका फाउंड्रीत आमचा पॅटर्न वाळूतून निघताना मी शेजारी उभा होतो. वाळूचा साचा भरणाऱ्या वयस्कर मोल्डरने बोट ठेवून दाखवलं, "मालक, हितं टेपर कमी हाय. वाळू मोडायल्या बगा." पॅटर्न तसाच टेम्पोत घातला, शेडवर आणला, दुरुस्त करून त्याच पाळीत परत दिला. मुंबईत ही तक्रार कागदावर आली असती, 'फिनिश सुधारा' एवढ्या दोन शब्दांत. मोल्डरच्या बोटाला जे कळतं ते कागदावर उतरत नाही. त्यानंतर आमच्याकडे एक नियमच झाला. नवा पॅटर्न पहिल्यांदा वाळूत जाताना आमचा माणूस तिथे हजर असतो.

अडचणी इथेही आहेत. वीजदराची ओरड कोल्हापुरातला प्रत्येक उद्योजक करतो, आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकाशी तुलनाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी महामार्गावर आलं. गोकुळ शिरगाव दक्षिणेला, शिरोली नदीपलीकडे उत्तरेला, मध्ये रस्ता बंद. तयार पॅटर्न शेडमध्ये पडून होते. त्यानंतर शिरोलीकडची निकडीची कामं पावसाळ्याआधीच पोचवायची पद्धत आम्ही ठेवली.

आता लाकडाचं काम कमी झालंय. ॲल्युमिनियम आणि रेझिनचे पॅटर्न जास्त, ड्रॉइंगऐवजी थ्रीडी मॉडेल मेलवर येतं आणि व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारी मिलिंग मशीन, ते कोरून काढते. आकसण्याचा हिशेब सॉफ्टवेअर करतं, पण किती टक्के धरायचे ते माणसालाच ठरवावं लागतं, कारण जाड आणि पातळ भाग सारखे आकसत नाहीत. मुंबई-ठाण्याची जुनी गिऱ्हाइकं जवळजवळ सगळी टिकली. ती मला सांगतात, तुम्ही लांब गेलात आणि काम लवकर व्हायला लागलं. आयटीआय करून आलेल्या मुलांना आम्ही आधी काही महिने फाउंड्रीत पाठवतो, मोल्डरच्या हाताखाली वाळू ठोकायला. पालकांना ते सुरुवातीला रुचत नाही. तिथून परत आलेला मुलगा मात्र पॅटर्नच्या प्रत्येक कडेकडे वेगळ्या नजरेने बघतो, आणि मग आम्ही त्याला मशीनवर घेतो.