पुरानंतर स्टॉकची यादी करताना आलेला अनुभव

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा मारुती चौकाकडचं आमचं हार्डवेअरचं दुकान पार बुडालं. चिखल काढला, पंचनामा झाला, मग इन्शुरन्सच्या सर्व्हेअरने स्टॉकची यादी मागितली आणि इथं खरी पंचाईत, कारण रजिस्टरचा लगदा झालेला, कॉम्प्युटर पाण्यात, होलसेलवाल्यांकडनं बिलांच्या कॉप्या यायला वेळ, म्हणजे तोवर सगळं डोक्यातनंच लिहायचं.

मी वही घेऊन बसलो की सगळे मदतीला हजर. आबा म्हणणार "बिजागऱ्या लिही, कडीकोयंडे लिही", कामावरचा पोरगा "एल्बो, टी, बॉल व्हॉल्व्ह", वहिनी आतनं "रंगाचे डबे घेतले का ओ?" आणि बिजागऱ्या ऐकल्या की मला नुसत्या बिजागऱ्याच दिसायच्या, त्याच रॅकच्या खालच्या कप्प्यात काय होतं ते काही केल्या आठवेना. गप्प बसा म्हणावं तर आबांना राग.

चुलत बहीण सायकॉलॉजी शिकवते, तिला फोनवर सांगितलं तर ती हसायलाच लागली. म्हणे दादा, हे १९६८ सालीच स्लामेका नावाच्या संशोधकानं दाखवलंय, पाठ केलेल्या यादीतले थोडे शब्द आधीच सांगून मदत केली तर उरलेले शब्द लोकांना कमीच आठवतात, काहीच न सांगितलेल्यांपेक्षा कमी. एक कारण असं की आठवायची प्रत्येकाची आपली एक वाट असते आणि दुसऱ्यानं मध्येच नाव घेतलं की ती मोडते. मला तर हे लगेच पटलं, रोज भोगत होतो की.

मग प्रत्येकाला वेगळा कागद दिला, मोठ्यानं वाचायचं नाही, एकमेकांचं बघायचं नाही. मी डोळे मिटून शटरपासून डाव्या भिंतीनं निघालो, पोरगा गोडाऊनमधनं, आबा तर गिऱ्हाईक आठवून लिहीत होते (ही आयडिया मला सुचली नसती). कागद एकत्र केले तर आबांच्या यादीत साखळ्या, पितळी कुलपं, माझ्यात त्यांचा पत्ताच नाही.

नुसतं "प्लंबिंगमध्ये काय काय होतं?" असं विचारलं तर मात्र उपयोग व्हायचा. बहीण म्हणाली तेही बरोबरच, १९६६ मध्ये टल्विंग आणि पर्लस्टोन यांच्या प्रयोगात गटाचं नाव सांगितल्यावर लोकांना जास्त शब्द आठवले होते. तर गट सांगा, वस्तू सांगू नका.

नगांचे आकडे मात्र कुणाचेच जुळेनात, ते शेवटी बिलं आल्यावर बिलांवरनंच धरले.