ऐन की किंदळ?

कुडाळजवळच्या आमच्या वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत एक जुनं, ठेंगणं झाड आहे. त्याचं नाव पक्कं करायला मला वर्षाहून जास्त वेळ लागला. काका म्हणायचे, "ता ऐन." शेजारचे आजोबा म्हणायचे, "ऐन नाय, किंदळ आसा ता." रत्नागिरीकडे याच किंदळाला किंजळ म्हणतात.

मी सालीपासून सुरुवात केली. जुन्या ऐनाची साल काळपट असते, खोल भेगा पडून तिचे चौकोनी तुकडे झालेले असतात, अगदी मगरीची पाठ. आमच्या झाडाला भेगा होत्या, पण उथळ. म्हणजे किंदळ? की अजून न मुरलेला ऐन? तासभर बुंध्याला हात लावत बसलो, हाती काही लागलं नाही.

मग पानं. पान उलटं केलं की देठाजवळ, मधल्या शिरेच्या तळाशी, दोन बारीक गाठी दिसतात. मला वाटलं, जिंकलो! तर त्या गाठी दोघांनाही असतात. अर्जुनालासुद्धा. ऐन, किंदळ, अर्जुन, हिरडा, बेहडा ही सगळी टर्मिनॅलिया या एकाच प्रजातीतली (genus) भावंडं. त्यात दरवर्षी तोडलेल्या झाडाला फुटणारी नवी पानं नेहमीपेक्षा मोठी निघतात, त्यामुळे आकारावर भरवसा ठेवण्यात अर्थ नव्हता.

निकाल फळावर लागणार होता. ऐनाच्या फळाला पाच रुंद, साधारण सारखे पंख असतात आणि फळ दीड-दोन इंचांचं. किंदळाचं फळ अगदी लहान, त्याला तीन पंख, त्यातला एक मोठा आणि दोन नावापुरते. अडचण एवढीच की आमच्या झाडाला मी फळ कधी पाहिलंच नव्हतं. भाजावळीसाठी दर हिवाळ्यात त्याचं कवळ, म्हणजे पाल्यासकट फांद्या, उतरवलं जायचं. तरव्याच्या, म्हणजे भाताची रोपं करायच्या जमिनीवर कवळ पसरून भाजल्याशिवाय काकांची भातशेती सुरू होत नाही.

"एक वर्ष सोडा," मी म्हटलं. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी घराचे वासे मागतोय. शेवटी दोन भारे पालापाचोळा मी गोळा करून द्यायचा, या बोलीवर ते तयार झाले. (दोन भारे म्हणजे किती, हे मला पाठीला कळलं.)

पावसाच्या शेवटी फांद्यांच्या टोकांना पांढुरके तुरे आले. नोव्हेंबरअखेर सगळं झाड गंजासारखं तांबूस दिसायला लागलं. समोरच्या डोंगरावरही तसेच तांबूस ठिपके होते, आणि इतकी वर्षं मी ती वाळलेली पानं समजत होतो! काठीने एक घोस पाडला, नखाएवढं फळ तळहातावर घेतलं. पंख तीन. एक मोठा, दोन बारके.

आजोबांना दाखवलं, ते नुसते हसले. काका मात्र कोयता घेऊन झाडाखाली उभेच होते.

"आता तोडू मां?"