साखर ३५० आहे, मग डोस का वाढवत नाहीस?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. खरं तर सगळ्यांनीच विचारून झालंय, मावशीने, खालच्या काकांनी, ऑफिसातल्या मैत्रिणींनी, की तुझ्या डायबेटिसवाल्या मांजराची, बंड्याची, सकाळची शुगर साडेतीनशे येते आणि तू त्याला इन्सुलिनचं एकच युनिट देतेस, जीव आहे ना त्याच्यावर? आहे. म्हणूनच वाढवत नाही.

मावशीला स्वतःला डायबेटिस आहे. तिची फास्टिंग वाढली की डॉक्टर गोळी वाढवतात, त्यामुळे तिला माझं वागणं हट्टीपणाचं वाटतं. पण मावशी, बंड्याचं सकाळचं रीडिंग इंजेक्शनच्या आधीचं असतं, म्हणजे रात्रीचं इन्सुलिन संपत आलेलं असतं तेव्हाचं. ते बहुतेक वेळा दिवसातलं सगळ्यात वरचं असतं. ग्लार्जिन (बंड्याचं इन्सुलिन) टोचल्यावर मांजराची साखर साधारण चार ते आठ तासांनी सगळ्यात खाली जाते, आणि डोस वाढवायचा की नाही हे मुख्यतः त्या तळाच्या आकड्यावर ठरतं. नुसती भरती बघून ओहोटीला पाणी कुठवर जातं हे कसं सांगणार?

मला हे आधी माहीत नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं. तेव्हा आम्ही रिक्षाने एका दवाखान्यात जायचो, बंड्या पिंजऱ्यात पूर्ण रस्ताभर ओरडायचा, बाहेर बाकावर कुत्रे भुंकत असायचे, आणि मग टेबलावर धरून रक्त काढलं की ४३२. घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीने चढते, डायबेटिस नसलेल्या मांजराचीसुद्धा तीनशेवर जाऊ शकते. पण त्या एका आकड्यावर डोस एकदम एक युनिटवरून तीनवर नेला गेला. मी विचारलं, एवढा एकदम? उत्तर आलं, एवढी शुगर आहे मग लागणारच.

त्या रात्री नऊला जेवण आणि इंजेक्शन झालं. पहाटे तीनच्या सुमारास तो स्वयंपाकघरात विचित्र, खोल आवाजात ओरडायला लागला. मला वाटलं भूक लागली असेल, वाटी पुढे केली, तर वाटीपर्यंत येताना त्याचे मागचे पाय एकीकडे गेले आणि तो फ्रिजला टेकून बसला. बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या होत्या की डोळे काळेच दिसत होते. मी कान हातात धरून ऊब दिली, कडेच्या शिरेजवळ टोचलं, थेंब येईना, परत टोचलं, एरवी कान झटकणारा हा, त्याने मान सुद्धा हलवली नाही. मीटरवर ४१. माणसांचा मीटर मांजराच्या रक्ताचा आकडा थोडा कमीच दाखवतो हे मला ठाऊक होतं, पण समोरचं मांजर थरथरतंय तेव्हा त्या फरकाचं काय करायचं? बोटावर मध घेऊन हिरड्यांना चोळला, तोंडात ओतला नाही कारण गिळता आलं नाही तर श्वासनलिकेत जातो, मग थोडं सावरल्यावर ओलं खाणं, मग दर पंधरा मिनिटांनी परत कान. नवरा शेजारी बसून वहीत आकडे लिहीत होता आणि आम्ही दोघंही बोलत नव्हतो.

आणि आता खरी गोष्ट ऐका. सकाळी शुगर किती? ३८०. मध होता, खाणं होतं, शिवाय साखर इतकी खाली गेली की शरीर घाबरून लिव्हरमधली साखर रक्तात सोडतं. रात्रीचं कुणी पाहिलं नसतं तर याच ३८० वर डोस आणखी वाढला असता. फ्रुक्टोसामाइनची रक्ततपासणी करून घे म्हणाल तर तीही केलीय, ती मागच्या एकदोन आठवड्यांची सरासरी सांगतं, पहाटे तीनला काय झालं ते नाही सांगत.

त्यानंतर मी घरीच कर्व्ह, म्हणजे साखरेचा आलेख, करते, इंजेक्शनपासून पुढच्या इंजेक्शनपर्यंत दर दोन तासांनी कान टोचून. क्रूर वाटतं म्हणणाऱ्यांनी एकदा येऊन बघावं, तो मांडीत बसतो, नंतर उकडलेल्या चिकनचा तुकडा मिळतो हे त्याला पाठ आहे. (आणि सिरिंजचं एक, आपल्याकडे एका मिलीत चाळीस युनिटच्या इन्सुलिनची लाल टोपीवाली आणि शंभर युनिटच्या इन्सुलिनची केशरी टोपीवाली अशा दोन्ही मिळतात, बाटलीवर जे लिहिलंय तीच घ्या, नाहीतर डोस अडीचपट इकडेतिकडे होतो.)

पण आधीची मी, जी वहीत प्रत्येक मोठ्या आकड्याला लाल गोल करायची, ती अजून भांडते माझ्याशी. ती म्हणते, मग त्याचे पाय? बंड्या अजूनही कधीकधी मागची टाच पूर्ण टेकवून चालतो, साखर बरेच दिवस जास्त राहिली की नसांवर असा परिणाम होतो, आणि तो उडी मारण्याआधी सोफ्याकडे बघत थांबतो तेव्हा मला तिला उत्तर देता येत नाही. जास्त साखर निरुपद्रवी आहे असं मी कुठे म्हणतेय? एखादा दिवस तीनशेवर गेला, खातोय पितोय, लघवीत कीटोन (इन्सुलिन फारच कमी पडलं की चरबी जळून तयार होणारं द्रव्य) नाहीत, तर मला विचार करायला वेळ असतो. ४१ ला नव्हता.

आताचे डॉक्टर म्हणतात, तळ १५० च्या वर राहत असेल तर पाव-अर्धा युनिट वाढवून काही दिवस थांबून बघू, कारण ग्लार्जिनचा नवा डोस स्थिरावायला वेळ लागतो. मागच्या कर्व्हला तळ एकदा ११० होता, त्याआधीच्याला १९०, डोस तोच, खाणं तेच. असं का, ते मला अजून उमगलेलं नाही. रविवारी परत कर्व्ह आहे. मावशी, तू ये, सकाळच्या आकड्यानंतर निघून जाऊ नकोस, दुपारी तीनपर्यंत थांब.